टेक्सासमध्ये ते हत्याकांड झालंच नव्हतं

‘द टेक्सास चेनसॉ मॅसॅकर’ हा 1974 चा भयपट खऱ्या हत्याकांडावर बेतलाय, असं पुण्यातल्या कॉलेजच्या कट्ट्यांवर अजूनही ठामपणे सांगितलं जातं. दोष सांगणाऱ्यांचा नाही. चित्रपट स्वतःच सुरुवातीला तसा दावा करतो, 18 ऑगस्ट 1973 ही तारीखही देतो. पण असं काही टेक्सासमध्ये घडलंच नाही. त्या उन्हाळ्यात तिथे झालं ते या चित्रपटाचं चित्रीकरण.

खरा धागा एड गीनचा. तो टेक्सासपासून खूप दूर, विस्कॉन्सिनमधल्या प्लेनफील्डचा. 1957 मध्ये पोलीस त्याच्या घरात शिरले, तेव्हा माणसाच्या कातडीचे मुखवटे सापडले. दोन स्त्रियांच्या खुनाची त्याने कबुली दिली. बाकीचे बरेचसे अवशेष त्याने कबरी उकरून आणले होते. चित्रपटातली यांत्रिक करवत (चेनसॉ) इथे नव्हती, खुनी कुटुंबही नव्हतं. दोघींना त्याने गोळ्या घातल्या होत्या आणि तो एकटाच राहायचा. चित्रपटाने उचलले ते मुखवटे आणि ते भयाण घर. कथा रचलेली.

पुणेकरांनी तरी हा फरक जपावा, असं मला फार वाटतं. 1976-77 च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात इथे दहा जणांचे जीव गेले. चार दोषींना 1983 मध्ये येरवड्यात फाशी झाली. ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट त्यावरूनच सुचलेला. त्यातला एखादा प्रसंग कुणी ‘अगदी असंच झालं होतं’ म्हणून सांगू लागलं, तर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उघडून बघा. घटनाक्रम तिथे नोंदलेला आहे.