हद्द गेली कुठे? पीएमपीच्या साठ-चाळीसची पार्श्वभूमी

अंदाजपत्रकाचे दिवस आले की पीएमपीच्या, म्हणजे दोन्ही शहरांच्या एकत्रित बससेवेच्या, तुटीवरून पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ओढाताण सुरू होते. तिचं मूळ २००७च्या विलीनीकरणात आहे.

त्याआधी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची १९७४ पासूनची पीसीएमटी या दोन बससेवा वेगवेगळ्या होत्या. मधली हद्द म्हणजे बोपोडी-दापोडीचा हॅरिस पूल. प्रवाशाला तिचं सोयरसुतक नव्हतं. राहायचं एका गावात, कामाला दुसऱ्या, हे कधीच अंगवळणी पडलेलं. शहरी वाहतुकीसाठी केंद्राचा निधी येऊ लागला तसा दोन सेवा एक करण्याचा आग्रह वाढला. दोन्हीकडच्या परिवहन समित्या जाऊन एक कंपनी आली, तीच पीएमपी. नगरसेवकांच्या हातून बसचा कारभार सुटला, पैसे मात्र पालिकांनीच द्यायचे.

किती द्यायचे? भागभांडवलात पुणे ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४०. तुटीची वाटणीही त्याच मापाने. खरा घोळ इथे आहे. भांडवलाचा हिस्सा एकदा ठरतो. तूट दरवर्षी बदलते आणि ती कुठल्या मार्गावर झाली यावर अवलंबून असते. पिंपरी-चिंचवडची जुनी तक्रार अशी, की चाळीस टक्के आम्ही मोजतो, पण तितक्या बस आमच्या रस्त्यांवर दिसत नाहीत. तक्रार अगदीच अनाठायी नाही. पण निगडीहून सुटून पुण्यात शिरणारी बस कोणाच्या खात्यात धरायची? किलोमीटर मोजावेत, की तिकिटं?

त्यात ‘संचलन तूट’ हा शब्द निसरडा. बस चालवायचा खर्च वजा उत्पन्न, इतकंच ऐकायला सोपं. विद्यार्थ्यांच्या आणि ज्येष्ठांच्या सवलतीच्या पासांचे पैसे त्यात धरायचे की पालिकेकडून वेगळे मागायचे, यावर आकडा हलतो. पुढे सातव्या वेतन आयोगाचा बोजाही साठ-चाळीसनेच वाटला गेला. सूत्र तुटीचं होतं. हळूहळू सगळ्याचंच झालं. माझ्या मते ते दर काही वर्षांनी तपासायची सोय पहिल्याच दिवशी ठेवायला हवी होती.

विलीनीकरणानंतरही हद्द पासावर छापलेली राहिली. २०२५च्या दरवाढीपर्यंत एका पालिकेच्या हद्दीचा दिवसाचा पास ४० रुपयांना आणि दोन्हींचा ५० रुपयांना मिळे. वरचे दहा रुपये म्हणजे हॅरिस पूल ओलांडण्याचे.

दरम्यान बस दोन्ही हद्दींबाहेरच्या गावांत पोचल्या, आणि २०१५ मध्ये महानगर प्रदेशासाठी वेगळं प्राधिकरण आलं. मग त्यानेही तुटीचा वाटा उचलावा, ही मागणी आली. तीन वाटेकऱ्यांत साठ-चाळीस कसं बसवायचं, हा वाद त्यातूनच उभा राहिला.