'लेफ्ट बिहाइंड' : उत्तरार्धावरील वाचकमतांची पार्श्वभूमी

जगाच्या अंतकाळावरील 'लेफ्ट बिहाइंड' या टिम लाहे व जेरी जेन्किन्स यांच्या अमेरिकन कादंबरीमालेचा आठवा भाग, 'द मार्क', 2000 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिच्या निष्ठावंत वाचकांत जो वाद पेटला तो कथानक रंगले की फसले याविषयीचा नव्हता. चँग वाँग नावाच्या एका किशोरवयीन पात्राचे तारण होणार, म्हणजे त्याचा आत्मा नरकातून वाचणार, की नाही, हा वादाचा मुद्दा होता. एका कल्पित मुलाच्या आत्म्याच्या गतीविषयी जाणती माणसे पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) वचने काढून भांडत होती, आणि लेखकांनी चूक केली असे म्हणणारे वाचक ती साहित्यिक चूक नव्हे तर शिकवणुकीतील चूक मानत होते. या मालेच्या उत्तरार्धावरील बरीचशी वाचकमते याच जातीची आहेत. ती वरवर पुस्तक-परीक्षणासारखी दिसली, तरी मुळात तो शास्त्रार्थ आहे. तसे का झाले हे उमजण्यासाठी कादंबऱ्या बाजूला ठेवून एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जावे लागते.

जॉन नेल्सन डार्बी (1800–1882) हा मूळचा आयर्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू. पुढे तो 'प्लिमथ ब्रेदरेन' या पंथाच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी एक झाला. देवाने मानवी इतिहासाचे वेगवेगळे कालखंड पाडले आहेत, प्रत्येक कालखंडात त्याचा माणसांशी व्यवहार निराळा आहे, आणि इस्राएल व मंडळी (ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय) यांच्यासाठी त्याच्या दोन स्वतंत्र योजना आहेत, अशी मांडणी त्याने केली. ख्रिस्त पृथ्वीवर राज्य करण्यासाठी येण्यापूर्वी खऱ्या विश्वासणाऱ्यांना अचानक, कुणाला काही कळायच्या आत, अंतराळात उचलून घेतले जाईल आणि मागे राहिलेल्यांवर सात वर्षांचे महासंकट कोसळेल, ही कल्पना याच मांडणीतून लोकांपर्यंत पोहोचली. उचलले जाण्याचा आधार बायबलमधील थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात शोधला जातो. सात वर्षांचा हिशेब दानीएलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातील सत्तर 'सप्तकां'मधून (सात-सात वर्षांच्या गटांमधून) निघतो आणि संकटांचा तपशील प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील सात शिक्के, सात कर्णे व सात वाट्यांमधून येतो. तीन ठिकाणची वचने एका माळेत ओवल्यावर जे वेळापत्रक तयार होते, त्याला पुढे अमेरिकेत जवळजवळ शास्त्रवचनाइतकाच मान मिळाला.

त्याचे पुष्कळसे श्रेय सायरस स्कोफील्ड याच्या टीपांसह 1909 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापलेल्या बायबलला जाते. वचन वर आणि त्याचा अर्थ त्याच पानावर खाली, अशी ती रचना होती. ते बायबल वाचत वाढलेल्या पिढ्यांना वचन कोणते आणि स्कोफील्डची टीप कोणती, हा फरक करण्याची गरजही भासेनाशी झाली. 1948 साली इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली, 1967 च्या युद्धात संपूर्ण जेरुसलेम इस्राएलच्या ताब्यात आले, आणि वेळापत्रकाचे घड्याळ सुरू झाल्याची भावना या मंडळींत पसरली. ती भावना बाजारात आणली हॅल लिंडसी याच्या 1970 मधील 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' या पुस्तकाने. चालू राजकारणाला भविष्यवाणीचा साचा लावणारे हे पुस्तक त्या दशकातले अमेरिकेतील सर्वाधिक खपाचे ललितेतर पुस्तक मानले जाते. दोनच वर्षांनी 'अ थीफ इन द नाइट' हा चित्रपट आला आणि चर्चच्या सभागृहांतून दाखवला जाऊ लागला. घरी परतल्यावर आई-वडील जागेवर दिसले नाहीत तर आपणच मागे राहिलो, या धास्तीने घाबरून गेल्याच्या बालपणीच्या आठवणी त्या पिढीतील कित्येकांनी पुढे सांगितल्या आहेत.

हे सगळे ख्रिस्ती जगाचे एकमुखी मत आहे असा समज मात्र होऊ देऊ नये. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुसंख्य जुन्या प्रोटेस्टंट परंपरा हे वेळापत्रक मानत नाहीत. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरात वाढलेल्या वाचकाला ही कादंबरीमाला परकी वाटली, तर त्यात नवल नाही.

टिम लाहे (1926–2016) हा कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो परिसरात पाव शतक बाप्टिस्ट मंडळीची पाळकी केलेला उपदेशक, आणि या विचारसरणीचा कट्टर प्रचारक. विमानप्रवासात एक विवाहित वैमानिक हवाईसुंदरीशी लगट करताना दिसला आणि याच क्षणी विश्वासणारे उचलले गेले तर काय होईल, असा विचार मनात आला, अशी मालेची जन्मकथा तो सांगत असे. लेखनाची बाजू जेरी जेन्किन्स याने सांभाळली. खेळाडूंची चरित्रे लिहून हात बसलेला हा व्यावसायिक लेखक होता. लाहेने भविष्यवाणीची टिपणे द्यायची आणि जेन्किन्सने कादंबरी लिहायची, अशी कामाची वाटणी ठरली. टिंडेल हाउस या प्रकाशनसंस्थेने 1995 साली पहिला भाग काढला. रेफोर्ड स्टील हा वैमानिक शिकागोहून लंडनला निघाला आहे, मनात विमानातील हवाईसुंदरीचे विचार आहेत, आणि अटलांटिकवर असताना विमानातले अनेक प्रवासी एकाएकी नाहीसे होतात. त्यांचे कपडे मात्र आसनांवर तसेच पडलेले आहेत. श्रद्धाळू बायको आणि धाकटा मुलगा गेले, आपण आणि मुलगी क्लोई मागे राहिलो, हे त्याला पुढे कळते. ही सुरुवात पकड घेणारी आहे, हे मालेचे विरोधकही सहसा नाकारत नाहीत.

मुळात बेत एकाच पुस्तकाचा होता. तो तीन पुस्तकांवर गेला, मग वाढत वाढत बारांवर स्थिरावला. उत्तरार्धाबद्दलच्या नाराजीचे एक मूळ या वाढीत आहे. सात वर्षांचा काळ बारा खंडांत मांडायचा म्हटल्यावर वेग राखणे अवघड होते. सहाव्या भागाच्या, म्हणजे 1999 मधील 'असॅसिन्स'च्या शेवटी ख्रिस्तविरोधक, म्हणजे महासंकटाच्या काळात जगावर सत्ता गाजवणारा ख्रिस्ताचा शत्रू, निकोले कार्पेथिया याची हत्या होते आणि सातव्या, 'द इन्ड्वेलिंग'च्या अखेरीस तो पुन्हा जिवंत होतो. या दोन घटनांमधले जेमतेम काही दिवस हाच सातव्या भागाचा गाभा आहे. शिवाय तो उठणार हे वाचकाला आधीच ठाऊक होते. प्राणघातक जखम बरी होणाऱ्या श्वापदाचे, म्हणजे या वाचकांच्या मते ख्रिस्तविरोधकाचे, वर्णन करणारा प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय वाचलेल्या माणसापुढे येथे रहस्य टिकणारच नव्हते, आणि तरीही हाच भाग 2000 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या खपयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. पाल्हाळ लावले, विमानोड्डाणे आणि दूरध्वनीवरील संभाषणे फार झाली, पैशासाठी भाग वाढवले, अशा तक्रारी करणारा वाचक पुढचा भाग विकत घेतच होता. शेवट माहीत असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकण्याची भूक हे याचे कारण असावे, असे मला वाटते. वाचक शेवट काय होतो हे पाहण्यासाठी वाचत नव्हता. आपल्याला ठाऊक असलेला शेवट लेखक नीट उतरवतो आहे की नाही, हे तो तपासत होता.

'द मार्क'वरील वाद याच तपासणीतून उभा राहिला. उजव्या हातावर किंवा कपाळावर श्वापदाची खूण घेतल्यावाचून कुणालाही खरेदी-विक्री करता येणार नाही, असे प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात म्हटले आहे. चौदावा अध्याय अधिक कठोर आहे : जो कोणी ती खूण घेतो त्याला देवाच्या क्रोधाचा द्राक्षारस प्यावा लागेल आणि त्याच्या पीडेचा धूर युगानुयुगे वर चढत राहील. या परंपरेतील उपदेशकांनी त्याचा अर्थ एकच सांगितला होता, तो म्हणजे खूण घेतली की परतीची वाट बंद. दुसरीकडे, मालेत आधीच्या भागांपासून विश्वासणाऱ्यांच्या कपाळावर देवाचा शिक्का दाखवलेला आहे, आणि तो फक्त दुसऱ्या विश्वासणाऱ्याला दिसतो. चँग वाँग हा गुपचूप विश्वास ठेवणारा मुलगा, तर त्याचे वडील कार्पेथियाच्या राजवटीचे भक्त. मुलाने ही खूण घेणाऱ्यांत अग्रभागी असावे असा त्यांचा हट्ट, म्हणून त्याला औषधाने गुंगी आणून जबरदस्तीने खूण लावली जाते. शुद्धीवर आल्यावर त्याच्या कपाळावर दोन्ही चिन्हे आहेत. कथानकाच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती, कारण शत्रूच्या राजवाड्यात बसून संगणकावरून मित्रांना मदत करणारा एक माणूस लेखकांना हवाच होता.

वाचकांना ती सोय पुरली नाही. एका बाजूचे म्हणणे असे की वचनात अपवाद नाही आणि लेखकाने तो घालू नये. दुसरी बाजू म्हणे की 'घेतो' यात इच्छा गृहीत आहे, शुद्ध हरपलेल्या मुलाने काही घेतलेले नाही, आणि देवाने एकदा लावलेला शिक्का माणसाने लावलेल्या खुणेने पुसला जात नाही. चँगचे मन स्वतःच या शंकेने पोखरले जाते, असे लेखकांनी पुढे दाखवले आहे. माझ्या मते बाराही भागांतील सर्वांत खरी मानवी घालमेल त्या प्रसंगांत आहे, मात्र ती लेखकांना सिद्धांताच्या अडचणीतून वाट काढताना सापडली.

असाच एक आक्षेप पहिल्या भागापासून मालेच्या मुळावरच होता. ज्यांनी सुवार्ता (ख्रिस्ताद्वारे तारणाचा संदेश) ऐकून नाकारली, त्यांना उचलले जाण्याच्या घटनेनंतर दुसरी संधी आहे का? थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील एका उताऱ्याच्या आधारे अनेक सनातनी वाचक नाही म्हणत. पण संधीच नसेल तर रेफोर्ड स्टील पश्चात्ताप करणार कसा आणि कादंबरी घडणार कशी!

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर मालेचा खप आणखी चढला. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस आलेला नववा भाग 'डेसिक्रेशन' हा पब्लिशर्स वीकली या पुस्तकव्यवसायाच्या साप्ताहिकाच्या हिशेबाने त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी ठरला. 1994 पासून दरवर्षी तो मान थरारकथालेखक जॉन ग्रिशॅमकडे जात होता. चर्चशेजारच्या ख्रिस्ती पुस्तक-दुकानांतून ही माला एव्हाना विमानतळांवर आणि सुपरमार्केटांत आली होती. त्यामुळे मत देणाऱ्यांत अगदी वेगळ्या परंपरांतील माणसे मिसळली. इलिनॉयच्या कॅथलिक बिशपांनी 2003 मध्ये ही माला कॅथलिकविरोधी असल्याचे निवेदन काढले. कादंबरीतील पोपही उचलला जातो खरा, पण प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरच्या मतांशी जुळणारी शिकवण दिल्यावरच, आणि त्याच्या जागी येणारा धर्मगुरू खोट्या विश्वधर्माचा प्रमुख होतो. कॅथलिक वाचकाने याचा काय अर्थ घ्यावा, हे उघडच आहे.

बारावा भाग 'ग्लोरियस अपिअरिंग' 2004 साली आला आणि तेथे दोन वाचकवर्ग सरळ समोरासमोर उभे राहिले. त्यात ख्रिस्त परत येतो, शास्त्रातील वचने बोलतो, आणि त्या शब्दांसरशी शत्रुसैन्य फाटून पडते. श्रद्धाळू वाचकांपैकी कित्येकांना ते वाचताना भरून आले. आतल्या गोटातील काहींची तक्रार वेगळीच होती : पानेच्या पाने वचनांची अवतरणे आहेत, मग आम्ही बायबलच का वाचू नये? बाहेर मात्र स्तंभलेखक निकोलस क्रिस्टॉफ याने न्यूयॉर्क टाइम्समधील लेखात म्हटले की असाच संहार मुस्लिम लेखकाने रंगवला असता तर अमेरिकेत केवढा गहजब झाला असता. लूथरन अभ्यासक बार्बरा रॉसिंग हिने त्याच वर्षी एक पुस्तक लिहून प्रकटीकरणातील कोकऱ्याचा, म्हणजे ख्रिस्ताचा, विजय हिंसेचा नसून दुःखसहनाचा आहे, अशी बाजू मांडली. आणि गंमत अशी की प्रकटीकरणातील बरेचसे भाकीत पहिल्या शतकातच पूर्ण झाले असे मानणारी हँक हॅनेग्राफ व सिग्मंड ब्राउवर यांची 'द लास्ट डिसायपल' ही कादंबरी 2004 मध्ये टिंडेल हाउसनेच काढली. लाहेला तो विश्वासघात वाटला आणि त्याने तसे जाहीरपणे बोलून दाखवले.

याच वर्षी एमी जॉन्सन फ्रिकहोम हिचा या मालेच्या वाचकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. तिला भेटलेले वाचक टीकाकारांनी रंगवलेल्या भोळ्या जमावासारखे नव्हते. पुस्तके बहीण, सासू, शेजारी, चर्चमधील ओळखीचे यांच्या हातून हाती फिरत होती, वाचण्याइतकेच त्यावर बोलणे महत्त्वाचे होते, आणि मालेतील प्रत्येक गोष्ट सगळ्यांना पटत होती असेही नाही. कुणी घरच्यांशी नाते टिकावे म्हणून वाचत होते, कुणी भीतीने, तर कुणी निव्वळ थरारासाठी. चँगवरचा वाद इतक्या घरांत का पोहोचला, याचे उत्तर मला उपदेशकांच्या ग्रंथांपेक्षा या अभ्यासात अधिक सापडते.

बारा भागांनंतर 2005–06 मध्ये तीन पूर्वकथा आल्या आणि 2007 मध्ये सोळावा व शेवटचा भाग, 'किंगडम कम'. तोवर सगळ्या मालेचा खप साडेसहा कोटी प्रतींच्या घरात गेला होता. हा भाग ख्रिस्ताच्या सहस्रवर्षीय राज्याचा. सैतान बंदिवासात, ख्रिस्त सिंहासनावर, रोगराई नाही, युद्ध नाही. संघर्षच नसलेल्या जगात कथा कशी हलवायची, ही अडचण लेखकांना सोडवता आलेली नाही, आणि तो सपक झाल्याची वाचकांची तक्रार मला रास्त वाटते. जो काही ताण आहे तो बायबलमधील यशयाच्या पुस्तकाच्या 65 व्या अध्यायातील एका वचनावर उभा केला आहे : शंभर वर्षांचा होऊन मरणारा पापी शापित गणला जाईल. त्याचा शब्दशः अर्थ घेऊन, या राज्यात जन्मून विश्वास न ठेवणारा माणूस बरोबर शंभराव्या वर्षी मरतो, असा नियम लेखकांनी केला. साहजिकच या भागावरही मतभेद झाले ते त्या नियमावर : यशयाचे वचन सहस्रवर्षीय राज्याविषयी आहे की त्यानंतरच्या नव्या पृथ्वीविषयी, आणि नव्या पृथ्वीविषयी असेल तर तेथे मरण कसे?