उणे पाच अंशांवर काँक्रीट घट्ट कसे होते?

काँक्रीट वाळले की घट्ट होते, हा समज इतका रुजलेला आहे की बांधकामाशी रोजचा संबंध असलेली माणसेही तसेच बोलतात. वास्तविक आपल्याकडे स्लॅब टाकल्यावर त्यावर आळी बांधून पाणी तुंबवून ठेवतात, ते स्लॅब वाळू नये म्हणूनच. सिमेंटचे कण पाण्याशी रासायनिक संयोग पावतात, त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचे सूक्ष्म जाळे विणले जाते आणि ते वाळू-खडीला धरून ठेवते. या क्रियेला जलसंयोग म्हणतात. तिला द्रवरूप पाणी लागते, आणि लेहसारख्या ठिकाणी, जिथे जानेवारीच्या रात्री पारा उणे 10 अंशांच्याही खाली सहज उतरतो, तेच मिळणे कठीण होते.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते. ताजे काँक्रीट पहिल्याच दिवशी गोठले, तर पुढे कितीही ऊब दिली तरी त्याचे अंतिम सामर्थ्य निम्म्यापर्यंत घटू शकते. भारतीय मानक आयएस 7861 चा दुसरा भाग म्हणूनच हवेचे तापमान सुमारे 5 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असताना होणाऱ्या कामासाठी वेगळी काळजी घ्यायला सांगतो. नेहमीचा उपाय म्हणजे पाणी तापवणे आणि बांधकाम झाकून ऊब देणे. दुसरा मार्ग गोठणरोधक ॲडमिक्श्चरचा, म्हणजे काँक्रीट कालवताना मिसळायच्या रसायनाचा असून तो सोव्हिएत संघात गेल्या शतकाच्या मध्यापासून वापरात आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर येथे लष्कराच्या शीत प्रदेश प्रयोगशाळेने त्याचा पद्धतशीर अभ्यास केला.

यामागचे तत्त्व शाळेतले आहे. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर जाडे मीठ घातले की खारे पाणी शून्याखालीही पातळ राहते, तसेच काँक्रीटमधल्या पाण्याचेही होते. एक किलो पाण्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण एक मोल (रसायनशास्त्रातले कण मोजण्याचे एकक) असेल, तर गोठणबिंदू 1.86 अंशांनी उतरतो. एक घनमीटर काँक्रीटमध्ये 400 किलो सिमेंट व 180 किलो पाणी धरले, तर गोठणबिंदू उणे 5 वर नेण्यासाठी ढोबळ हिशेबाने 14 किलो मीठ लागेल. मग मीठच का घालू नये, असे विचारले जाते. त्या 14 किलोंत साडेआठ किलो क्लोराइड असते, आणि काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकानुसार सळया असलेल्या काँक्रीटमध्ये घनमीटरला 0.6 किलोपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, कारण ते सळया गंजवते. मिठाऐवजी कॅल्शियम नायट्रेट घेतले तर ते 26 किलो लागते, म्हणजे सिमेंटच्या साडेसहा टक्के. एवढे मीठ, एवढे नायट्रेट हा किरकोळ मसाला नव्हे. त्याने काँक्रीटचे रसायनच बदलते.

मला यातला सर्वांत विलक्षण वाटतो तो पुढचा भाग. द्रावण गोठू लागते तेव्हा बर्फ जवळजवळ शुद्ध पाण्याचा बनतो आणि क्षार उरलेल्या द्रवात साठत जातात. द्रव अधिक तीव्र झाल्याने त्याचा गोठणबिंदू आणखी उतरतो आणि गोठणे आपोआप थबकते. उणे 5 ला गोठू लागणारे द्रावण उणे 10 ला नेले, तर उरलेल्या द्रवाची तीव्रता सुमारे दुप्पट व्हावी लागते, म्हणजे साधारण निम्मेच पाणी बर्फ होते. उरलेल्या निम्म्यात जलसंयोग मंदपणे चालू राहतो, आणि तोही पाणी वापरत असल्यामुळे द्रावणाची तीव्रता आणखी वाढवतो. शिवाय तयार झालेल्या संयुगांचे आकारमान मूळ सिमेंट व पाणी यांच्या बेरजेपेक्षा थोडे कमी असल्याने रंध्रांत रिकामी जागा पडत जाते. रंध्रांचा 91.7 टक्क्यांपेक्षा कमी भाग पाण्याने भरलेला असेल, तर 9 टक्के प्रसरणाला वाव मिळतो. साधारण 3.5 मेगापास्कल दाबसामर्थ्य येईपर्यंत ही अवस्था गाठली जाते, म्हणून तेवढे सामर्थ्य पहिल्या गोठण्याआधी यायला हवे, असा नियम आहे.

चाचणीत सर्वप्रथम ताज्या काँक्रीटच्या नमुन्यात मधोमध थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बसवून तो थंड करतात. तापमान उतरत जाते, गोठणबिंदूच्याही थोडे खाली जाते, आणि बर्फाचा पहिला स्फटिक जमताच अप्रकट उष्मा बाहेर पडून ते एकदम वर उसळते. ते जिथे स्थिरावते, तोच गोठणबिंदू. त्यानंतर चाचणीसाठी ओतलेले काँक्रीटचे क्यूब (घन) किंवा दंडगोल थेट शीतकक्षात ठेवतात. अमेरिकी मानक एएसटीएम सी 1622 मध्ये हे तापमान उणे 5 आहे. चिनी मानकात उणे 5, 10 व 15 असे तीन स्तर आहेत. फोडण्याआधी नमुना पूर्ण वितळू द्यावा लागतो, कारण रंध्रांतला बर्फसुद्धा भार पेलतो आणि गोठलेला कच्चा क्यूब यंत्रावर पक्का ठरू शकतो. चिनी पद्धतीत आणखी एक नेमकी पायरी आहे: 7 दिवस थंडीत ठेवलेले क्यूब पुढे 28 आणि 56 दिवस नेहमीच्या तापमानात ठेवून फोडतात. थंडीने केलेली इजा कायमची राहिली की भरून निघाली, हे त्यातूनच कळते.

माहितीपत्रकांवर ठळक छापलेला ‘उणे 15 पर्यंत’ हा दावा म्हणूनच जपून वाचावा. तो हवेच्या तापमानाचा आहे की काँक्रीटच्या, हे आधी विचारावे. जाड पाया जलसंयोगाच्या स्वतःच्या उष्णतेवर बराच काळ उबदार राहतो, तर त्याच रात्री पातळ स्लॅब गोठून जातो. पायावर यशस्वी झालेले ॲडमिक्श्चर स्लॅबवरही चालेल, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

चीनमध्ये स्वस्त गोठणरोधक म्हणून युरिया वापरला गेला. काँक्रीटमधले पाणी अतिशय अल्कधर्मी असल्याने त्यात युरियाचे हळूहळू विघटन होऊन अमोनिया सुटतो. लोक राहायला आल्यावर घरांत उग्र दर्प येऊ लागला, आणि सामर्थ्याच्या कोणत्याही चाचणीत तो दिसणे शक्यच नव्हते. अखेर 2001 च्या मानकाने ॲडमिक्श्चरमधून सुटणाऱ्या अमोनियावर वजनाच्या 0.10 टक्क्यांची मर्यादा घातली.