पॅरिश कौन्सिल म्हणजे चर्चची समिती नव्हे

इंग्लंडच्या खेड्यात घर घेतलेल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: "कौन्सिल टॅक्सच्या (म्हणजे तिथल्या घरपट्टीच्या) बिलात 'पॅरिश' म्हणून जी रक्कम असते ती चर्चला जाते. आपण ख्रिश्चन नाही, तर कशाला भरायची?"

गैरसमज होणं अगदी स्वाभाविक आहे, कारण 'पॅरिश' हा शब्द मुळात चर्चचाच: एका चर्चच्या हद्दीतला भाग. कित्येक शतकं गावकरी चर्चमध्ये जमून रस्त्यांची डागडुजी आणि गरिबांची मदत ठरवत. त्या सभेला 'व्हेस्ट्री' म्हणत. चर्चसाठीची सक्तीची पट्टी मात्र 1868 मध्येच बंद झाली. पुढे 1894 च्या कायद्याने गावकारभार चर्चपासून वेगळा काढून निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे दिला. त्याच कायद्याने बायकांनाही तिथे मत देता आलं, उभं राहता आलं. हे मला फार मोलाचं वाटतं. चर्चची समिती वेगळी, तिचा हिशेबही वेगळा.

म्हणजे ही आपल्या ग्रामपंचायतीची चुलत बहीणच. बिलातली रक्कम खेळाचं मैदान, बसथांबा, भाजीपाल्याचे वाफे, दफनभूमी यांवर खर्च होते. वापरातून बंद झालेल्या जुन्या चर्चच्या दफनभूमीची देखभाल कधीकधी कौन्सिलकडे येते, चर्चशी संबंध येतो तो मुख्यतः तेवढाच.

खात्री करायची तर गावातला सूचनाफलक बघा. सभेची विषयपत्रिका किमान तीन दिवस आधी तिथे लागते, आणि सभेला कुणीही जाऊन बसू शकतं. हिशेबाची वहीसुद्धा दरवर्षी ठरावीक दिवस मतदारांना तपासायला खुली असते.