एफसी गोवाचा पुढचा प्रशिक्षक कोण? वादाची पार्श्वभूमी

एफसी गोवा या फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक जाणार अशी कुणकुण लागली की मडगावपासून म्हापशापर्यंत समर्थकांचे तीन गट पडतात. एकाला पुन्हा स्पेनचाच माणूस हवा असतो. दुसरा म्हणतो, या वेळी तरी गोवेकराला संधी द्या. तिसऱ्याला गोवेकरच पाहिजे असं नाही, पण आयएसएल (इंडियन सुपर लीग) आतून ओळखणारा भारतीय प्रशिक्षक हवा. गंमत अशी की तिन्ही गट दाखला एकाच घटनेचा देतात आणि त्यातून तीन वेगळे निष्कर्ष काढतात. ती घटना म्हणजे जानेवारी २०२० च्या अखेरीस क्लबने ऐन हंगामात प्रशिक्षकाला दूर करण्याचा घेतलेला निर्णय.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. गोव्याच्या क्लब फुटबॉलला स्थानिक प्रशिक्षक नवा नाही. धेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली ती गोवेकर प्रशिक्षकाच्या हाताखाली. साळगावकरने २०१०-११ ची आय-लीग (तेव्हाची देशातली अव्वल साखळी स्पर्धा) परदेशी प्रशिक्षकासह जिंकली. चर्चिल ब्रदर्सच्या २०१२-१३ च्या विजेतेपदात प्रशिक्षकाच्या परवान्याच्या नियमामुळे अनुभवी बंगाली प्रशिक्षक तांत्रिक संचालक या पदावर होता आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून गोवेकराचं नाव होतं. परवान्याचा हा मुद्दा पुढे पुन्हा येईल. २०१६ मध्ये गोव्याचे तीन जुने क्लब आय-लीगमधून बाहेर पडले आणि राज्याचं सगळं लक्ष एका फ्रँचाइझीवर, म्हणजे एफसी गोवावर आलं. तिचे पहिले तीन हंगाम ब्राझीलच्या विख्यात माजी खेळाडूकडे होते: २०१४ मध्ये उपांत्य फेरी, २०१५ मध्ये मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर चेन्नईयीनकडून अंतिम सामन्यात २-३ असा पराभव, २०१६ मध्ये तळाचं स्थान.

आजच्या वादाचं मूळ मात्र २०१७ मध्ये आहे. त्या वर्षी आलेल्या स्पॅनिश प्रशिक्षकाने संघाला ओळख दिली. गोलरक्षकापासून छोट्या पासांनी चढायचं, दोन्ही बाजूंचे बचावपटू उंच ठेवायचे, मोरोक्कोच्या मध्यरक्षकाने दोन सेंटर-बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) पुढे उभं राहून खेळाची दिशा ठरवायची. पहिल्याच हंगामात साखळीतल्या १८ सामन्यांत ४२ गोल झाले. पुढे स्पॅनिश आघाडीपटूने तीन हंगामांत ४८ गोल केले. मार्च २०१९ मध्ये मुंबईत बेंगळुरूविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत ०-१ असा हातचा गेला, पण पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला देशातल्या क्लबांची सुपर कप स्पर्धा जिंकून क्लबने पहिली ट्रॉफी मिळवली. या शैलीची एक किंमतही होती. बाजूचे बचावपटू वर गेलेले असताना चेंडू हरवला की मागे दोन सेंटर-बॅक आणि तो एक मध्यरक्षक एवढेच उरत. वेगवान प्रतिहल्ल्यावर गोल खाणं हा या संघाचा कायमचा आजार होता आणि बाद फेरीच्या सामन्यांत तो जास्त जाणवे.

जानेवारी २०२० संपत आला तेव्हा साखळीतले फक्त तीन सामने उरले होते आणि संघ अग्रस्थानाच्या शर्यतीत पुढे होता. तेव्हा प्रशिक्षकाला दूर करण्यात आलं. व्यवस्थापन आणि प्रशिक्षक यांच्यात मतभेद होते, यापलीकडे सामान्य समर्थकाच्या हाती ठोस काही लागलं नाही. त्या हंगामात साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला एएफसीच्या (आशियाई फुटबॉल महासंघाच्या) चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत थेट प्रवेश मिळणार होता. भारतातल्या कुठल्याही क्लबला तो मान आधी मिळाला नव्हता. म्हणजे डाव अगदी रंगात आलेला असताना हा बदल झाला.

सूत्रं गेली सहायकाकडे. धेंपोच्या सुवर्णकाळात मध्यफळीत खेळलेला, ड्रेसिंग रूमला पूर्ण ओळखणारा गोवेकर. त्याने हैदराबादला ४-१, मुंबई सिटीला ५-२ आणि जमशेदपूरला ५-० असं हरवलं. तीन सामन्यांत १४ गोल, फक्त तीन खाल्ले, ३९ गुण, साखळीत पहिल्या येणाऱ्याची लीग शील्ड आणि आशियाचं दार उघडं.

‘गोवेकर प्रशिक्षकाला जमतं’ याचा पुरावा म्हणून हेच तीन सामने पुढे केले जातात, आणि तिथे जरा थांबून पाहायला हवं. हैदराबाद त्या हंगामात शेवटच्या स्थानावर राहिलं, जमशेदपूर आठव्या, मुंबई पाचव्या. हंगामी प्रशिक्षकाने रचना बदलली नाही, आणि ते त्याचं शहाणपण होतं. अडीच वर्षं घोटलेली हालचाल खेळाडूंच्या अंगात होती, आधीच्या १५ सामन्यांत ३२ गोल याच संघाने केले होते. पण ‘कुणीही बसला असता तरी जिंकलोच असतो’ हे विरुद्ध टोकाचं मतही तितकंच पोकळ आहे. प्रशिक्षक अचानक गेला की परदेशी खेळाडूंचा गट बिथरतो, सरावात शिस्त सैल होते, प्रत्येक जण पुढच्या कराराचा विचार करू लागतो. तो संघ तीन आठवडे एकाग्र ठेवणं हे कष्टाचं काम होतं. दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीत चेन्नईयीनविरुद्धचा चेन्नईतला पहिला सामना १-४ असा गेला तेव्हा या व्यवस्थेची मर्यादा दिसली. फातोर्ड्यावर ४-२ ने जिंकूनही एकूण ५-६ असं बाहेर पडावं लागलं.

निर्णयाचा खरा हिशेब त्यानंतरच्या मोसमात झाला. दूर केलेला प्रशिक्षक मुंबई सिटीकडे गेला. त्याच्या पाठोपाठ मोरोक्कोचा मध्यरक्षक, सेनेगलचा सेंटर-बॅक, फ्रेंच आक्रमक मध्यरक्षक आणि डाव्या बाजूचा गोवेकर बचावपटूही गेले. गोव्याच्या संघाचा कणाच मुंबईला पोचला. कोविडमुळे २०२०-२१ चे सगळे सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथे रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. उपांत्य फेरीत गोवा आणि मुंबई समोरासमोर आले, २-२ आणि ०-० नंतर शूटआउटमध्ये मुंबई ६-५ ने जिंकली. मग फातोर्ड्यावरच मुंबईने अंतिम सामना जिंकला. शील्ड आणि करंडक एकाच हंगामात, आणि तेही गोव्याच्या मातीत. गोव्याच्या समर्थकांनी ते घरी टीव्हीवर पाहिलं. हा सल अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच वाटतं, कारण प्रशिक्षक बदलण्याची किंमत एवढी स्पष्टपणे क्वचितच दिसते. प्रशिक्षक एकटा जात नाही. त्याच्या शब्दावर आलेले परदेशी खेळाडू त्याच्या मागून जातात, आणि ज्यांच्या करारात ठरावीक रक्कम भरून सुटण्याचं कलम असतं ते तर विनातक्रार जातात.

इकडे शील्ड जिंकून देणारा हंगामी प्रशिक्षक पुन्हा सहायक झाला. इथे परवान्याचं कोडं येतं. एएफसीच्या परवान्यांची चढती भाजणी डी, सी, बी, ए आणि प्रो अशी आहे. आशियाई स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक म्हणून बसायला प्रो परवाना लागतो आणि आयएसएललाही तोच निकष आहे. तो नसलेल्याला हंगामी म्हणून मर्यादित काळच चालवून घेतलं जातं. प्रोचा अभ्यासक्रम अनेक टप्प्यांत चालतो, जागा मोजक्या असतात आणि आधी ए परवान्यावर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. त्यामुळे ‘अमक्या माजी खेळाडूला करा’ अशी मागणी करताना पहिला प्रश्न त्याच्या परवान्याचा असायला हवा. चर्चेत हा प्रश्न बहुधा शेवटी येतो, किंवा येतच नाही.

२०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या स्पॅनिश प्रशिक्षकाने २०२१ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये फातोर्ड्यावर अल-रय्यान आणि अल-वाहदा यांना ०-० असं रोखलं, आणि त्याच वर्षी ड्युरंड कपही जिंकला. पण डिसेंबर २०२१ मध्ये, हंगाम सुरू होऊन महिना होतो न होतो तोच, एटीके मोहन बागानने त्याच्या करारातलं सुटकेचं कलम वापरलं आणि तो कोलकात्याला गेला. क्लबच्याच यंत्रणेतल्या ज्येष्ठ गोवेकराला पुढे करण्यात आलं. त्याच्याकडे प्रो परवाना होता. महिंद्रा युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यानेच जिंकून दिली होती, पुणे एफसीचा संघही त्यानेच बांधला होता. तरी त्याला मिळाला तो दुसऱ्याने निवडलेला संघ आणि बायो-बबलमधले लागोपाठचे सामने. अकरा संघांत नववं स्थान आलं. या नवव्या स्थानाचं खापर ‘स्थानिक प्रशिक्षका’च्या माथी फोडणं अन्यायाचं आहे. मूळ चूक करारात होती. हंगाम चालू असताना हे कलम वापरता येणार नाही, एवढी एक ओळ घातलेली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं.

त्याच हंगामापासून मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची मर्यादा पाचवरून चारवर आली. आयएसएलच्या सुरुवातीला ती सहा होती. २०१७ च्या शैलीत गोलरक्षकाचा अपवाद वगळता जवळजवळ सगळा कणा परदेशी होता. आता तसा संघ उभाच करता येत नाही. चारांपैकी एक सेंटर-बॅक, एक मध्यरक्षक, एक आघाडीपटू धरला तर एकच जागा उरते. म्हणून ‘२०१७ सारखा प्रशिक्षक आणा’ म्हणताना हेही पाहावं लागतं की त्याने भारतीय खेळाडूंच्या बळावर संघ चालवला आहे का. २०२२ मध्ये क्लबच्या माजी स्पॅनिश बचावपटूला ही जबाबदारी दिली, तेव्हा त्याला मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नव्हता. संघ सातवा आला आणि बाद फेरी एका स्थानाने हुकली.

२०२३ मध्ये आलेला प्रशिक्षक या कसोटीला उतरणारा होता. हैदराबादला त्याने तरुण भारतीय खेळाडूंच्या जोरावर २०२२ चा करंडक मिळवून दिला होता, तोही फातोर्ड्यावर. गोव्याला त्याने तिसरं आणि मग दुसरं स्थान दिलं. पण जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय संघही त्याच्याकडे सोपवला गेला. एक हंगाम दोन्ही कामं, नंतर फक्त देश, असं ठरलं होतं. त्यामुळे २०२५ च्या वसंतात गोव्यात पुढच्या प्रशिक्षकाच्या नावांची चर्चा जोरात होती. मेमध्ये क्लबने भुवनेश्वरला जमशेदपूरचा ३-० असा पराभव करून सुपर कप जिंकला. जूनमध्ये भारत हाँगकाँगकडून हरला, जुलैमध्ये हा प्रशिक्षक राष्ट्रीय पदावरून बाजूला झाला आणि गोव्यातच राहिला. ज्या जागेसाठी एवढी नावं पुढे आली ती रिकामी झालीच नाही.

भुवनेश्वरच्या त्या अंतिम सामन्यात समोर जमशेदपूरच्या बाजूला उभा होता मुंबईतला प्रशिक्षक. मुंबई एफसीला त्याने अनेक वर्षं सांभाळलं, २०१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, आणि आयएसएलमध्ये हंगामी म्हणून आलेला तो कायम झालेला पहिला भारतीय ठरला. ऑगस्ट २०२५ मध्ये तो राष्ट्रीय प्रशिक्षक झाला. तिसऱ्या गटाचा भर त्याच्याच उदाहरणावर असतो. दुसऱ्या गटाचं उदाहरण ओडिशाचं आहे: २०२० च्या त्याच गोवेकर हंगामी प्रशिक्षकाने एप्रिल २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला, आणि पुढच्याच महिन्यात तिथलं कायमचं पद गेलं ते गोव्यातून दूर केलेल्या त्याच स्पॅनिश प्रशिक्षकाकडे.

एफसी गोवाने अजून एकदाही हंगामाची सुरुवात गोवेकर मुख्य प्रशिक्षकाच्या हाती दिलेली नाही. जेव्हा जबाबदारी दिली तेव्हा अर्ध्या वाटेवर दिली. कुणाला आणायचं हे ठरवताना तारखेलाही नावाइतकंच वजन आहे. परदेशी खेळाडूंचे करार प्रामुख्याने मे-जूनमध्ये होतात आणि ड्युरंड कप जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतो. जूनपर्यंत नेमणूक झाली तर प्रशिक्षक आपले चार परदेशी स्वतः निवडतो, नंतर झाली तर आधीच्याने किंवा व्यवस्थापनाने निवडलेल्यांवर भागवतो.