खोदाई-भरावाचे घनफळ (संगणकीय)

जमीन सपाट करताना, रस्ता काढताना किंवा तळे खोदताना किती माती काढावी आणि किती टाकावी लागेल, याचा हिशेब. आजची जमीन आणि हवी असलेली पातळी असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवून त्यांमधले घनफळ काढतात. मूळ जमीन वर असेल तिथे खोदाई, खाली असेल तिथे भराव.

जुनी रीत आडव्या छेदांची, म्हणजे ठरावीक अंतरांवर कामाच्या लांबीला आडव्या घेतलेल्या उभ्या कापांची. लागोपाठच्या दोन छेदांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेऊन तिला मधल्या अंतराने गुणतात. छेद झपाट्याने निमुळता होत गेला की ही सरासरी फसवते. ३० चौ.मी.चा छेद २० मीटरांत सुळक्यासारखा शून्यावर आला, तर तिच्या हिशेबाने ३०० घनमीटर भरतात. खरे असतात २००. मधला छेद चौपट धरणारे प्रिझमॉइडल सूत्र नेमके २०० देते.

सिव्हिल थ्रीडीसारखी सॉफ्टवेअर छेदांवर थांबत नाहीत. टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्वेक्षण यंत्राने) घेतलेला प्रत्येक बिंदू क्रमांक, पूर्वेकडचे व उत्तरेकडचे अंतर, उंची आणि तो कशाचा आहे हे सांगणारा खुणेचा शब्द घेऊन येतो. हे बिंदू जोडून त्रिकोणांची जाळी विणली जाते. त्यामागचा नियम बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाने १९३४ साली मांडला : कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात (तिन्ही कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळात) दुसरा बिंदू येता कामा नये. पुढे आजच्या जमिनीची आणि हव्या पातळीची अशा दोन्ही जाळ्या एकमेकींत छेदून लहान लहान स्तंभ पाडतात. क्षेत्रफळ गुणिले तिन्ही कोपऱ्यांवरील उंची-फरकांची सरासरी, की झाले एका स्तंभाचे घनफळ.

मात्र हे गणित अचूक असते ते त्रिकोणांचे. जमिनीचे असेलच असे नाही. १० मीटर बाजूच्या चौकोनाच्या कोपऱ्यांची उंची ओळीने ०, २, ०, २ मीटर धरा. एक कर्ण जोडला तर शून्य पातळीच्या वर सुमारे ६७ घनमीटर माती निघते, दुसरा जोडला तर १३३. मोजलेले बिंदू तेच, उत्तर दुप्पट! तिथे घळ आहे की वरंबा, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. म्हणून बांधाचा माथा, नाल्याचे काठ आणि तळ यांवरून ब्रेकलाइन ओढतात. त्रिकोणाची बाजू ती रेषा ओलांडत नाही. ती ओढायची राहिली, की त्रिकोण नाल्यावर पूल बांधून मोकळे होतात. जागेची हद्दही आखावी लागते, नाहीतर कडेला लांबच लांब त्रिकोण पसरून नसलेली माती मोजली जाते.

बेंचमार्कची (ज्यावरून सगळ्या उंच्या मोजतात त्या पक्क्या खुणेची) उंची ५ सें.मी. चुकली तर एका हेक्टरला ५०० घनमीटरांचा फरक पडतो. महाराष्ट्रात माती-मुरुमाचा व्यवहार ब्रासमध्ये चालतो (१ ब्रास = १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर), म्हणजे ही चूक जवळजवळ १७७ ब्रासची. शिवाय सॉफ्टवेअर सांगते ते जागेवरचे, घट्ट मातीचे घनफळ. खोदलेली माती फुगते, त्यामुळे डंपरच्या खेपांवरून मोजलेले ब्रास नेहमी जास्त भरतात. बिलाच्या वेळी ठेकेदार आणि इंजिनिअर यांची जुंपते ती बहुधा इथेच.