फ्रीलान्सरचे बिल

कुणाच्याही पगारपत्रकावर नसलेल्या माणसाने केलेल्या कामाच्या पैशांची ग्राहकाकडे केलेली लेखी मागणी. सोलापुरात अशी बिले करणाऱ्यांत जकार्ड (विणीतच नक्षी असलेल्या) चादरी-टॉवेलांची डिझाइन काढणारे, गणवेशाच्या कारखान्यांना कॅटलॉग आणि लेबल करून देणारे, मराठी-तेलुगू-कन्नड भाषांतर करणारे मोडतात. ग्राहकाला इथे ‘पार्टी’ म्हणतात. पार्टीचे नेहमीचे उत्तर ‘वरून पेमेंट आलं की देतो’ असे असते. ‘वरून’ म्हणजे तिचा माल घेणाऱ्या परगावच्या व्यापाऱ्याकडून.

नाव, पत्ता, पॅन, बँक खाते, तारीख आणि अनुक्रमांक हे बहुतेक जण लिहितातच. गफलत होते ती कामाच्या ओळीत. ‘डिझायनिंग चार्जेस ८,०००’ एवढेच लिहिले, की ‘बॉर्डर जरा बारीक करा’ म्हणून फोनवर सांगितलेली तिसरी दुरुस्ती फुकटात जाते. ‘जकार्ड चादर, डिझाइन १, रंग ४, दुरुस्त्या २, फाइल १२ जूनला दिली, १४ जूनला पसंत’ अशी ओळ असेल तर वाद होत नाही.

त्यातली शेवटची तारीख सर्वांत मोलाची. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार मुदत बिलाच्या नव्हे, काम स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. लेखी करार नसेल तर १५ दिवस. करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत नेता येत नाही. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते दिले त्याच दिवशी स्वीकारले असे धरतात. म्हणून व्हॉट्सॲपवरचा ‘ओके’ जपून ठेवावा. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. वरून पेमेंट न येणे ही सबब कायद्यात नाही. या कायद्याचा आधार घ्यायला लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती विनाशुल्क होते आणि काम घेण्याआधीच केलेली बरी, कारण मागाहून केलेल्या नोंदणीवर हरकती निघतात. तक्रार थकीत बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुलभीकरण परिषदेकडे जाते. अर्थात, पुढच्या हंगामाचे काम त्याच मालकाकडून यायचे असेल तर तिथवर जाणारे विरळाच.

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. पण नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावताही येत नाही. नोंदणी असल्यास डिझाइनसारख्या सेवेवर राज्यातल्या पार्टीला केंद्राचा ९ अधिक राज्याचा ९ टक्के, हैदराबादच्या पार्टीला एकत्र १८ टक्के.

६०,००० च्या बिलाचे ५४,००० जमा झाले, तर भांडायला जाण्याआधी २६एएस, म्हणजे आयकर खात्याचा करकपातीचा उतारा, पाहावा. व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापला जातो, आणि कापलेले ६,००० तिथे आपल्या पॅनवर दिसायला हवेत. दिसले नाहीत, तर मात्र फोन करायचा तो पार्टीच्या मुनीमजींना.